गुलाबी नाकाचं विमान

कवळी परत आली.

इथूनच सांगायला हवं, कारण याआधी सगळं बरं चाललं होतं, निदान बरं चाललंय असं धरून चालायची घरात सवय झाली होती. कुणा म्हातारीची वरची पूर्ण कवळी डब्यातून बसने गेली आणि त्याच डब्यातून परत आली. पाठोपाठ दातांच्या डॉक्टरांचा फोन. तो बायकोने घेतला.

"वहिनी, बत्तिशीला विचारा, माझी चेष्टा चालवलीय का म्हणून. पुढचे दोन दात दोन रंगांचे आहेत. आणि सुळा असा फिरलाय की म्हातारी हसली की कुणाच्या तरी अंगावर धावून जातेय असं वाटतं."

"मी मुलीकडे गेले होते हो. एकट्याने केलंय त्यांनी."

"तेच म्हटलं," डॉक्टर म्हणाले आणि पुढे बोलायचं थांबले. ते थांबणं तिला फोन ठेवल्यावरही ऐकू येत राहिलं.

बत्तिशी म्हणजे तिचा नवरा. कवळ्या बनवणारा माणूस, म्हणून बत्तिशी. स्वतःच्या तोंडात मात्र पुढचा एक दात नव्हता. "जमेल तेव्हा बसवू" असं म्हणत म्हणत ती फट घरातलीच एक होऊन गेली होती. पुढच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल. प्लास्टरचे जबडे, मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्टीवर ओळीने चिकटवलेले नवे दात, आणि हिरडीच्या गुलाबी मसाल्याचा वास. तो वास पडद्यांत, उशीत, भाजीतसुद्धा. दात बसवायचे त्याने, घासून चकाकी आणायची तिने. लग्नापासून हेच.

ती कवळी घेऊन टेबलापाशी गेली.

"ही बघा."

"हं. झकास झालीय."

"यातला वेगळा दात कोणता?"

त्याने कवळी हातात घेतली आणि दातांवरून अंगठा फिरवला.

"अंगठ्याने नाही. डोळ्याने सांगा."

दिव्याची ज्योत हलली नाही, तोही हलला नाही. मग त्याने कवळी अगदी सावकाश खाली ठेवली, जणू ती म्हातारी आतच होती.

"उजव्यात आता काही उरलेलं नाही," तो म्हणाला. "डाव्यात डाग आहे. मधोमध, राखाडी. कडेकडेने दिसतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही."

"डॉक्टरांकडे कधी गेलात?"

"झाले बरेच दिवस."

"कुणाबरोबर?"

"स्टेपनीच्या बसने."

"म्हणजे बसला माहीत होतं," ती म्हणाली. "मलाच तेवढं नव्हतं."

*

पैज.

ती अशी लागली. मुलगी शहरात, सातव्या मजल्यावर. एक खोली त्यांच्यासाठी रिकामी ठेवून बसलेली. तिला जायचं होतं. उघड सांगायची सोय नव्हती, पण जायचं होतं. इथे माळावर खाण बंद पडल्यापासून माणसं एकेक करून उतरून गेली होती. रस्त्यावरच्या दिव्यांपैकी जळतात ते कुणासाठी, असा प्रश्न पडावा. कुत्रं भुंकलं तर कुणाचं ते कळायचं. ती बोलायची कुणाशी? कपाटाशी. कपाट काही वाईट नव्हतं, पण ते प्रश्न विचारत नव्हतं.

"आता तरी चला," ती म्हणाली.

"तिथे मी काय करू?"

"इथे काय करणार आहात? म्हाताऱ्यांना सुळे लावणार?"

"टेकडीवर उडवतो ते विमान दिसतं की मला."

"एवढा समोरचा दात दिसत नाही, आणि विमान दिसतं?"

"दात जवळ असतो गं. विमान आभाळात असतं. आभाळात दुसरं काही नसतं, म्हणून दिसतं."

ती हसली असती, पण तो खरंच तसं मानत होता.

"ठीक आहे. रविवारी मी येते टेकडीवर. तुम्ही विमान उडवा आणि तुमच्या पायाशी उतरवून दाखवा. उतरलं तर शहराचं नाव काढणार नाही, मरेपर्यंत. नाही उतरलं, तर सामान बांधायचं."

"मान्य."

"आणि तुमच्या त्या ड्रायव्हर स्टेपनीने तोंड उघडायचं नाही. मला कळतं सगळं. वर्षभर तो तुमच्या शेजारी उभा राहून 'डावीकडे बघ काय सुंदर ढग आहे' म्हणतोय. ढग कुठला आलाय माळावर!"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. म्हणजे तिने अंधारात मारलेला दगड बरोबर लागला होता.

*

विमानाबद्दल थोडं.

इंजिन नाही. लांब, सडपातळ पंख. पोटात छोटी बॅटरी आणि शेपटी हलवायला इवल्या मोटरी. हातातल्या रिमोटने वळवायचं, बाकी सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. वारा टेकडीवर आदळतो, वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यावर विमान तरंगतं. मधेच तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा उमाळा उठतो. त्याला हे लोक 'उचल' म्हणत. उचल सापडली की तिच्यात गोल गोल फिरायचं आणि चढत राहायचं, दिसेनासं होईपर्यंत. दिसेनासं होण्याच्या जरा आधी परतायचं, एवढीच सगळी अक्कल.

या विमानाचं नाक गुलाबी होतं. दर खेपेला नाक फुटायचं, म्हणून त्याने एकदा कवळीच्या साच्यातच ते ओतलं, हिरडीच्या मसाल्याचं. त्यानंतर फुटलं नाही. पंखांवरचा लाल कागद तिच्या इस्त्रीने चिकटवलेला. त्यापायी तीन इस्त्र्या कामातून गेल्या होत्या आणि तिच्या प्रत्येक पांढऱ्या कपड्यावर कुठे ना कुठे लाल डाग होता. विमानात तिचं एवढंच. टेकडीवर ती आधी एकदाच गेली होती, तेही डबा विसरला म्हणून.

फळीबद्दलही इथेच सांगून टाकावं, नाहीतर शेवटी पंचाईत व्हायची.

खाण चालू होती तेव्हा टेकडीवर विमानं उडवणाऱ्यांची टोळीच होती. फोरमन, वजनकाट्यावरचा कारकून, कंपाउंडर, शिवाय बत्तिशी आणि स्टेपनी. त्या काळच्या रिमोटांची भानगड अशी, की एकाच लहरीवर दोन रिमोट चालू झाले की एकाचं विमान दुसऱ्याचं ऐकायचं आणि दोन्ही जमिनीत जायची. म्हणून टेकडीच्या माथ्यावर एक लाकडी फळी रोवलेली. रिमोट चालू करण्याआधी आपला चिमटा फळीवर लावायचा, कपडे वाळत घालतात तोच, आपापल्या रंगाचा. विमान उतरलं की काढायचा. आणि फळीवर कुणाचाही चिमटा असेल तोवर कुणी घरी जायचं नाही, कारण कुणीतरी अजून आभाळात आहे. विमान हरवलं, तर चिमटा ज्याचा त्यानेच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

नव्या रिमोटांना यातलं काही लागत नाही. उडवणारेही दोनच उरले होते. तरी चिमटा लावल्याशिवाय बत्तिशीचा हात बटणाकडे जात नसे. उन्हाने त्याच्या हिरव्या चिमट्याचा पांढरा झाला होता आणि फळीही उन्हाने पांढरी झाली होती.

*

रविवारी स्टेपनीने रिकामी बसच टेकडीच्या पायथ्याशी आणली. हा बसचा ड्रायव्हर. टोळीत कुणाचंही काही मोडलं की याच्याकडचं सुटं सामान काढून लावायचं, म्हणून स्टेपनी. बसही आता महिनाअखेर बंद होणार होती. त्याला बदली मिळाली होती कुठेतरी, जिथे सिग्नल असतात.

"वहिनी, तुम्ही आलात! आता विमान लाजून उडायचंच नाही."

"तुमचं तोंड बंद राहणार आहे ना?"

"टाके घातलेत." त्याने ओठांवरून बोट फिरवलं. मग हळूच, बत्तिशीला ऐकू जाणार नाही असं, "वहिनी, कशाला हे? उडवू द्या की. कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय."

तो पुढे होऊन चढायला लागला.

माथ्यावर वारा असा, की बोललेलं वाक्य अर्धंच पोचायचं. बत्तिशीने चिमटा लावला. रिमोट चालू केला, शेपटी डावी-उजवी हलवून पाहिली, म्हणजे बोटांनी चाचपली. रिमोट गळ्यात अडकवला, विमान डोक्यावर धरलं, चार पावलं पळाला. या वयात, त्या गुडघ्यांनी. आणि फेकलं.

तिला वाटलं होतं, पडेल. मनातल्या मनात तिने खोकी भरायलासुद्धा घेतली होती. पण विमान टेकडीच्या काठावरून खाली जरासं दबलं, आणि कुणीतरी तळहातावर घ्यावं तसं उचललं गेलं. आवाज नाही. शीळ घालावी तेवढा नाही. तिने इस्त्री केलेले पंख उन्हात एकदा चमकले, आणि ते तसेच वर राहावेत असं तिला वाटून गेलं, जे तिला मुळीच नको होतं.

"दिसतंय?" तिने विचारलं.

"तुझ्यापेक्षा चांगलं."

आणि खरंच दिसत होतं. मान जरा तिरकी धरून, डोळ्याच्या कडेने, कोंबडी दाण्याकडे बघते तसा तो बघत होता. विमान काठाकाठाने गेलं, वळलं, परत आलं. स्टेपनी तिच्याकडे बघून भुवया उडवत होता, बघा, आहे की नाही! तिच्या मनातली खोकी रिकामी होऊ लागली. कपाटाशी बोलत उरलेलं आयुष्य काढायचं, हे तिला स्वच्छ दिसलं.

मग विमानाला उचल सापडली.

*

इथून पुढे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. एकीखाली एक लिहितो. पर्याय नाही.

तो : मिळाली! उचल मिळाली! बघ कसं चढतंय.
आभाळ : विमान गोल फिरत चढतंय. अजून समोरच आहे.

तो : ही सोडायची नाही. अशी वर्षातून एकदा मिळते.
आभाळ : विमान हाताच्या नखाएवढं. वारा त्या गोलासकट त्याला टेकडीकडे ढकलतोय.

तो : क्षणभर गेलं होतं. सापडलं. ते बघ, काळा ठिपका.
आभाळ : समोर काही नाही. विमान त्यांच्या बरोबर डोक्यावर.

तो : स्टेपन्या, बोल की काहीतरी. शप्पथ सोडली मी तुझी.
आभाळ : विमान त्यांच्या मागे.

तो : फोरमनला कधी मिळाली नव्हती अशी.
आभाळ : मागे, दूर.

स्टेपनीची मान वळत गेली, मग खांदे, मग तो सगळाच वळला. तीही वळली. दोघं आता टेकडीच्या मागच्या बाजूला तोंड करून उभे होते, आणि बत्तिशी पुढच्या बाजूला, रिकाम्या आभाळाकडे बघत, अंगठे इतके हळुवार हलवत की तसे त्याने लग्नानंतर फक्त मुलीच्या पहिल्या दुधाच्या दाताला लावले होते.

*

एक शब्द.

'मागे.' एवढाच शब्द होता. 'मागे आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं, नुसती बाही ओढली असती तरी. विमान अजून हाकेच्या अंतरावर होतं. नाक खाली करून वाऱ्यावर ओढलं असतं, तर पायाशी नाही तरी पायथ्याशी आलं असतं.

"वहिनी," स्टेपनी तोंडातल्या तोंडात म्हणाला. "सांगा त्याला. अजून येईल."

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

"अहो, अजून येईल ते!"

तिने हात सोडला नाही.

तिला विचारलं तर ती सांगेल की ती गोंधळली होती. गोंधळली नव्हती. सांगितलं, तर पैज मोडणार. मग तो म्हणणार, तू बोललीस, पैज रद्द, पुढच्या रविवारी परत. असे किती रविवार? शिवाय त्याचा चेहरा. त्या चेहऱ्यावर पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसत होती, म्हणजे तो हसत होता, तोंड भरून. त्याला हसू द्यावं म्हणून गप्प राहिले, असंही ती स्वतःला सांगू शकली असती. दोन्ही खरं होतं आणि त्यामुळे काहीच फरक पडत नव्हता.

मागे टेकडी उतरते तिथे बंद खाणीचा खड्डा आहे, पाण्याने भरलेला, काठाला काटेरी झुडपं. विमान एकदा चमकलं. पुन्हा चमकलं. तिसऱ्यांदा चमकेल म्हणून दोघं बघत राहिले.

*

"बास," बत्तिशी म्हणाला. "आता उतरवतो. बघ हं, तुझ्या पायाशी."

त्याने अंगठा पुढे लोटला. वाट बघितली. अजून लोटला.

"उचल सोडत नाहीये," तो म्हणाला. "एवढं नाक दाबलंय तरी खाली येत नाही."

ती त्याच्याकडे वळली.

"तुम्ही दोघं असे गप्प का?" आणि त्याने मान वळवून बायकोकडे बघितलं.

बघितलं आणि बघतच राहिला. मग मान जराशी डावीकडे केली. मग उजवीकडे. मग रिमोटवरचे अंगठे आपोआप उचलले गेले.

"अगं," तो म्हणाला, "ते तुझ्या कपाळावर आलंय."

वाऱ्यात हे वाक्य मात्र पूर्ण पोचलं.

तो खाली बसला. गुडघे वाजले. "मला वाटायचं डाग राखाडी असतो," तो म्हणाला. "राखाडीला मी ओळखतो. हा काळा आहे. छोटा. नवीन आहे हा, आजचाच. पंखसुद्धा आहेत बघ याला. वळतोही तसाच." त्याने स्टेपनीकडे बघितलं. "आता तुझ्या शर्टावर आहे."

स्टेपनीने शर्टावरून हात फिरवला, झटकल्यासारखा. मग आपण काय केलं ते कळून त्याने तोंड फिरवलं, आणि "मी बघून येतो" म्हणत मागच्या उतारावरून निघून गेला.

दोघं राहिले. तिने जवळ बसावं की उभं राहावं हे तिला ठरवता येईना, म्हणून ती अर्धवट वाकून उभी राहिली.

"मागे गेलं ना?" त्याने विचारलं.

"हो."

"कधीपासून मागे होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "बराच वेळ," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. डॉक्टरांचं ऐकताना डोलावली असेल तशी. रिमोट अजून चालू होता. त्यावरचा दिवा हिरवा होता, म्हणजे कुठेतरी झुडपात किंवा पाण्याच्या काठावर त्या इवल्या मोटरी अजून त्याचं ऐकत असतील. त्याने अंगठ्याने एकदा डावं, एकदा उजवं केलं. तिकडे, कुणाला दिसणार नाही अशी, शेपटी हलली असेल. मग त्याने बटण बंद केलं.

"शहरात," तो म्हणाला, "सातव्या मजल्यावर वारा असेल चांगला."

"असेल."

"काय करायचाय."

स्टेपनी परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. हाताला काटे लागले होते, हात रिकामे होते. "नाही," तो म्हणाला. "पाण्यात गेलं असणार. उद्या दोरी घेऊन येतो. मी आणि तू."

"कशाला? सापडलं तर दुरुस्त करावं लागेल."

"मी करतो की."

"तुला सुटं सामान देता येतं रे. जोडता कुठे येतं?" तो हसला, पण ती फट दिसली नाही. "जा तू. बस सुरू कर. आलो आम्ही."

पण स्टेपनी गेला नाही. त्याने फळीकडे बघितलं. चिमटा तिथेच होता. तो तिथे होता तोवर कुणी घरी जायचं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नव्हता. तिला हे सगळं माहीत होतं. घरात जेवताना कितीदा ऐकलेलं, आमटी वाढता वाढता.

बत्तिशी उठला. फळीपर्यंत गेला, वाट पायांना पाठ होती. हात वर केला आणि जिथे चिमटा असायला हवा तिथे बोटं टेकवली. तिथे नव्हता. मान तिरकी केली, कोंबडीसारखी. पांढऱ्या फळीवर पांढरा चिमटा, आणि मधे तो नवा ठिपका. बोटं डावीकडे गेली, परत आली, खाली उतरली, फळीच्या काठावरून घसरली. दात चाचपणारी बोटं. आता ती लाकडाच्या भेगा चाचपत होती.

स्टेपनी जमिनीकडे बघत उभा होता.

ती पुढे झाली, मग थांबली. हात पदरात गुंडाळून धरले, नाहीतर ते आपोआप गेले असते.

"थोडं वर," ती म्हणाली.

बोटं वर गेली.

"उजवीकडे. अजून जरा. हां, तिथेच."

बोटं चिमट्यापाशी पोचली आणि थांबली. त्याने चिमटा काढला नाही. तोंड फळीकडेच ठेवून तो म्हणाला,

"आता सांगतेस?"